पेट्रोल एसयूव्ही काढून ईव्ही घ्यावी का? (कोल्हापूर, महिन्यातनं दोनदा पुणे, मे महिन्यात मालवण)

आठवी_गल्ली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय, जरा मोठं झालंय सांभाळून घ्या.

माझ्याकडं २०१६ ची पेट्रोल ऑटोमॅटिक एसयूव्ही आहे. गाडीबद्दल तक्रार काही नाही, इमानानं चाललीय, पण पिते म्हणजे पितेच. गावात दहा, हायवेला बारा, त्याच्यावर कधी गेली नाही. रोज राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी, जाऊन-येऊन पंचवीस किमी. महिन्यातनं दोनदा पुणे, पोरगी तिथं शिकतीय, तिचं सामान आणि तिच्या आईनं केलेले डबे पोचवायचे. आणि मे महिन्यात, गणपतीत सासरवाडी मालवणला, म्हणजे गगनबावडा नाहीतर फोंडा घाट आलाच.

मागच्या रविवारी एका शोरूमला गेलो. पोरगं म्हणालं सर सहाशे किमी जाते. मी म्हटलं घाटात? तर म्हणालं सर घाटात उलट चार्ज होते. म्हटलं अरे उतरताना होत असेल, चढताना काय होतंय? गप्प. मग टेस्ट ड्राइव्ह दिली ती तावडे हॉटेलपर्यंत जाऊन परत, त्यातली निम्मी सिग्नलला. वर सांगतंय लोनच्या व्याजावर दीड लाखाची इन्कम टॅक्स सूट मिळते. खरं का हे?

बजेट ऑन रोड पंचवीसपर्यंत, त्याच्यावर बायको घरात घेणार नाही. रेंज खरी किती धरायची, घाटात काय होतंय, पुराच्या दिवसांत काय करायचं आणि कुठली गाडी बघू, एवढं सांगा.

उद्यमनगरचा_फिटर

गाडी ऱ्हाऊ दे बाजूला. पार्किंग कुठं, मीटर कुठं, अर्थिंग हाय का ते आधी सांगा.

आठवी_गल्ली

बारा फ्लॅटची बिल्डिंग आहे, खाली पार्किंग, माझी जागा मागच्या कोपऱ्यात. मीटर जिन्याखाली. अर्थिंग असेलच की, बिल्डिंग २००४ ची आहे. सेक्रेटरींना सहज बोललो तर म्हणाले आग लागली तर कोण जबाबदार. पण हे नंतरचं झालं ना, आधी गाडी ठरू दे.

उद्यमनगरचा_फिटर

नंतरचं न्हाय वो, हेच पहिलं. रात्री सांगतो, आत्ता कामावर हाय.

मी_येतो_मी_जातो

दादा माझ्याकडं ४५ युनिट (केडब्ल्यूएच) बॅटरीची कॉम्पॅक्ट ईव्ही आहे, दोन वर्षं झाली, ३१ हजार किमी. (नवीन लोकांसाठी: होय बाईच आहे मी. कोल्हापुरात आम्ही येतो-जातोच म्हणतो, दर वेळी कुणीतरी विचारतंय.)

कागदावर रेंज ४८९ किमी लिहिलीय. मला गावात ३४० पर्यंत मिळतात, हायवेला ९० च्या स्पीडनं एसी लावून २८०-२९०, आणि ११० नं हाणली की २४० सुद्धा कठीण. स्पीड वाढला की वारा लई खातोय बॅटरी, पेट्रोलला ते कळत नाही इतकं इथं काट्यावर दिसतंय. म्हणजे कागदावरचा आकडा काहीही असू दे, हायवेचा हिशोब त्याच्या साठ टक्क्यानंच करायचा, त्याच्या वर मिळालं तर बोनस.

पुणे २३० किमी. मी घरनं १०० टक्के करून निघतो, पोचेपर्यंत १८-२० राहतात. पण पोटात गोळा येतोच. त्यामुळं आता सरळ कराड-साताऱ्याच्या पट्ट्यात एखाद्या हॉटेलवर थांबतो, पंचवीस मिनिटं चार्जिंग, तेवढ्यात चहा, आणि निवांत पुढं. सहापदरीचं काम चालू असल्यामुळं ट्रॅफिक तुंबलेलं असतं त्यात एक मजा आहे, पेट्रोल गाडी उभ्या उभ्या जळत असते, आपली नुसता एसी खाते.

आता वाईट सांगतो. गेल्या वर्षी दिवाळीत रात्री साडेदहाला एका चार्जरवर पोचलो, अॅपमध्ये हिरवा दाखवतोय, जाऊन बघतो तर स्क्रीन काळी. दुसऱ्या चार्जिंग गनला एक टॅक्सीवाला लावून झोपलेला. त्याला उठवायला जीव होईना, पोरं मागं रडतायत, शेवटी तासभर थांबलो. त्या दिवसापासनं नियम केला, पहिला चार्जर गाठताना दुसऱ्यापर्यंत जाण्याएवढी बॅटरी हातात पाहिजे. आणि मोबाइलवर दोन-तीन कंपन्यांची अॅपं, प्रत्येकात थोडे थोडे पैसे भरून ठेवलेले. ऐनवेळी ओटीपी येत नाही हो.

आणखी एक. एकदा सकाळी गाडी उघडेचना. मोठी बॅटरी ७० टक्के भरलेली आणि गाडी मेलेली. का तर ती साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरलेली, जी आपल्या जुन्या गाडीत पण असते तीच. शेजारच्यांनी त्यांच्या वॅगनआरनं जंप दिला तेव्हा उघडली. शेजारीण अजून सांगत असते, पेट्रोलनं वाचवलं म्हणून.

शिरोळचा_ऊसकरी

पेट्रोलवाल्यांनी आता इथेनॉलला शिव्या द्यायच्या नाहीत, आमचा ऊस हाय त्यात 😄

पुराचं मी सांगतो, कारण राजारामपुरीत बसून पूर टीव्हीवर दिसतोय, आमच्यात तो दारात येतोय. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, वाहतूक बंद. तवा टँकर यायचे बंद झालेले, पंपावर पेट्रोल मिळंना, जे होतं ते ॲम्ब्युलन्स आणि सरकारी गाड्यांना राखून. म्हंजे पेट्रोलची गाडी हाय म्हणून तुम्ही सुटला असं न्हाय. पण लाइटचं पण तेच, सबस्टेशनात पाणी शिरलं की आमच्याकडं दिवसच्या दिवस अंधार. ईव्हीवाल्यानं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत ऱ्हायचं. ३९ फूट इशारा, ४३ धोका. इशाऱ्याला पोचली की गाडी फुल्ल करून उंचावर नेऊन लावायची. विषय संपला.

पाण्यात घालायची का म्हणशील तर अजिबात नाही. सेल्समन सांगतोय आयपी ६७, बॅटरीला पाणी लागत न्हाय. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टेस्ट केलीया, ती पण स्वच्छ पाण्यात आणि नव्या बॅटरीची. पंचगंगेच्या गाळात दोन दिवस बुडवून न्हाय. बुडाली तर चालू करायला जायचं नाही, चार्जिंगला तर हातच लावायचा नाही, सरळ टोइंग. आणि इन्शुरन्स काढताना झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) आणि बॅटरीचं पाण्यानं झालेलं नुकसान बसतंय का ते एजंटकडनं लिहून घे. भिंतीवरचा चार्जर पण त्यात येतो का विचार, सगळ्यांच्यात येत नाही.

कागल_नाका

आठवी गल्ली, टॅक्स सूटचं शोरूमवाल्यानं तुला जुनं गाणं ऐकवलंय. इन्कम टॅक्सच्या ८० ईईबी कलमाची दीड लाखाची सूट होती, पण लोन १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेलं पाहिजे. आत्ता घेतलेल्या लोनला नाही. खरा फायदा दुसरीकडं आहे, ईव्हीला जीएसटी पाच टक्केच, इन्शुरन्सच्या थर्ड पार्टी प्रीमियमला १५ टक्के सवलत. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात टोलमाफी पण आहे, पण कुठं तर मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूला. आपल्या वाटेवरचे किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर चारी द्यायचेच. टोल म्हटलं की कोल्हापूरकराचं डोकं फिरतंय, पण इथं इलाज नाही.

आता तुझाच हिशोब करून दाखवतो. रोजचं महिन्याला ६२५ किमी, पुणे दोनदा ९२०. तुझ्या मायलेजनं १४० लिटर झालं, १०५ रुपये धर, साडेचौदा हजार. ईव्हीला गावात युनिटला सात किमी धर, हायवेला सहा. चार्ज करताना दहा टक्के तरी वाया जातात ते लोक धरतच नाहीत, मी धरतो. म्हणजे रोजच्याला १०० युनिट घरच्या दरानं. पुण्याचं निम्मं घरनं भरून निघायचं, निम्मं वाटेत. घरचा दर स्लॅब वाढून तेरा रुपये धरला आणि बाहेरचा जीएसटीसकट बावीस, तर सगळं मिळून चार हजाराच्या आसपास. महिन्याला साडेदहा हजार वाचले. पण तशीच पेट्रोल गाडी सहा लाखानं स्वस्त मिळत असेल तर ते सहा लाख फिटायला पावणेपाच वर्षं लागतात. मालवण आणि सर्व्हिसिंगचं वाचलेलं धरलं तर थोडं अलीकडं. मला वाटतं तुझं रनिंग काठावरचं आहे. महिन्याला हजार किमीच्या आत असतं तर सांगितलं असतं, आहे तीच चालव.

घरच्या मीटरवर लावलं की घरचं आणि गाडीचं युनिट एकत्र होऊन स्लॅब वर जातो, हे विसरू नको. सोलर असेल तर गोष्ट वेगळी. तीन किलोवॅटला केंद्राचं ७८ हजार अनुदान आहे, दिवसाला बारा युनिटच्या आसपास निघतात, गाडीचं आणि घरचं मिळून निम्म्यावर काम होतं. पण तुझी गच्ची बारा जणांची.

पेट्रोलच_बरं

एवढी उठाठेव कशाला? चार्जर शोधा, अॅपं घाला, अर्थिंग बघा, बंधाऱ्याची पातळी बघा. ही गाडी घ्यायची का संसार मांडायचा. स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल आणि मोटर दोन्हीवर चालणारी) घ्या की राव, लिटरला वीस देते, पाच मिनिटांत टाकी फुल्ल. आणि पाच वर्षांनी ही ईव्ही विकायला काढशील तेव्हा घेणारा पहिलं बॅटरीचंच विचारणार.

मी_येतो_मी_जातो

@पेट्रोलच_बरं विकायचं तुमचं बरोबर आहे, माझा पण जीव तिथंच अडकतो. लाइफटाइम वॉरंटी म्हणून मोठ्या अक्षरांत असतंय, खाली बारीक अक्षरांत पहिल्या मालकापुरती. दुसऱ्याला किती वर्षं राहते ते दादांनी विचारूनच सही करावी. बाकी ज्याच्या पार्किंगला पॉइंट आहे त्याला उठाठेव काही नाही, मोबाइल लावतो तशी रात्री लावायची. आठवड्यातनं दोनदा. ज्याला नाही त्यानं मात्र हायब्रिडच घ्यावी, हे मान्य.

उद्यमनगरचा_फिटर

आलो. जेवलो. आता ऐका.

माझं काम वायरिंगचं, गेल्या तीन वर्षांत चाळीसेक घरात ईव्हीचे पॉइंट केलेत. त्यातल्या निम्म्या लोकांनी गाडी आधी घेतली आणि मग मला फोन केला, चार्जर लाल लाइट दाखवतोय, गाडी खराब लागली म्हणून. गाडी खराब नसते वो. चार्जर आधी अर्थिंग तपासतोय, बरोबर नसलं तर चार्जिंग चालूच करत न्हाय. मंगळवार पेठेत एका ठिकाणी मीटर लावून बघितलं तर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये २७ व्होल्ट. पाचच्या आत पाहिजे. मालक म्हणतायत अर्थिंग हाय, ही बघा वायर. वायर होती की, हिरवी, चांगली जाड. तिच्यामागं गेलो तर भिंतीतनं मोरीपाशी आली आणि तिथं फरशी घालताना कुणीतरी कापून ठेवलेली. वीस वर्षं ते घर अर्थिंगशिवाय चाललेलं, कुणाला पत्ता न्हाय, कारण फ्रिज आणि टीव्ही तक्रार करत नाहीत. गाडी करतीया. मग नवीन खड्डा मारला, प्लेट टाकली, कोळसा-मीठ घातलं, पाणी ओतलं, दुसऱ्या दिवशी दीड व्होल्ट.

दुसरं, गाडीबरोबर जो १५ अँपिअरचा चार्जर येतो तो गिझरच्या सॉकेटला लावायचा न्हाय. गिझर वीस मिनिटं चालतोय, गाडी बारा-पंधरा तास. माझ्याकडं एक सॉकेट हाय जपून ठेवलेला, एका गिऱ्हाइकाचा. समोरनं पांढरा, मागनं पार चॉकलेटी झालेला, पिन काढायला गेलो तर प्लास्टिक बरोबर आलं. त्याला वेगळी लाइन, चार एमएमची तांब्याची वायर, चांगल्या कंपनीचा औद्योगिक सॉकेट आणि ३० मिलीअँपिअरचा गळती ब्रेकर, ह्याला पर्याय न्हाय. भिंतीवरचा साडेसात किलोवॅटवाला चार्जर घेणार असाल तर तो ३२ अँपिअर ओढतोय, तुमचा मंजूर लोड बघा बिलावर. बहुतेक घरांत दोन-तीन किलोवॅटच असतोय. महावितरणकडं लोड वाढवून घ्यायचा, अर्ज ऑनलाइन जातोय. ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन पण मागता येतं, मग स्लॅबची कटकट न्हाय.

सेक्रेटरीला सांगा केंद्राच्या ऊर्जा खात्याच्या सूचनांत लिहिलंय, स्वतःच्या घरच्या कनेक्शनवरनं गाडी चार्ज करायला मुभा हाय. पण भांडायला जाऊ नका, त्यांना आणि कमिटीला खाली बोलवा, ब्रेकर टेस्टचं बटण दाबून दाखवा, लाइट कशी जाते ते. माणसाला डोळ्यांनी दिसलं की भीती निम्मी होते. आग लागायची भीती त्यांची चुकीची न्हाय, ती गाडीपेक्षा असल्या चॉकलेटी सॉकेटनं लागतीया.

मीटरपासनं तुमच्या कोपऱ्यापर्यंत टेप लावून मोजा आणि इथं टाका. सरळ रेषेत न्हाय, केबल जशी भिंतीनं जाईल तशी.

मास्तर_फिजिक्सवाले

घाटाचं कुणीच नीट सांगितलं नाही म्हणून लिहितोय, सवय आहे फळ्यावर लिहायची.

दोन टनाची गाडी सहाशे मीटर वर चढवायला सव्वातीन युनिट लागतात, मग गाडी कुठल्याही कंपनीची असो. मोटर वगैरेतलं नुकसान धरून चार. म्हणजे मालवणहून परत येताना वैभववाडीपासनं गगनबावड्याला चढेपर्यंत घाट तुमच्या रेंजमधले पंचवीस-तीस किमी जास्तीचे खाणार, एवढंच. घाबरण्यासारखं काही नाही, पण खाली ८ टक्के घेऊन चढायला सुरुवात करायची नाही. जाताना उतरणीवर त्यातलं साठ-सत्तर टक्के परत मिळतं, तेही बॅटरीत जागा असेल तर. १०० टक्के भरलेल्या बॅटरीत ओतायचं कुठं? सुदैवानं कोल्हापूरपासून गगनबावडा ५५ किमी आहे, तिथं जाईपर्यंत जागा होते. माझा एक मित्र गगनबावड्यातच राहतो, तो १०० टक्के करून घाट उतरला आणि रिजेन (पाय उचलला की गाडी धरते आणि बॅटरी भरते ते) लागेना म्हणून घाबरला, ब्रेक गेले म्हणाला. ब्रेक कुठं गेले होते, पायानं दाबायची सवय गेलेली.

दुसरं असं, तावडे हॉटेलपर्यंतच्या टेस्ट ड्राइव्हनं काही कळत नाही. पन्हाळ्याला न्या. वीस किमी, चारशे मीटर चढ, रस्ता वळणाचा. निघताना बॅटरीचे टक्के लिहा, वर वाघ दरवाजापाशी लिहा, परत शोरूमला आल्यावर लिहा. जाताना पाच-साडेपाच युनिट गेली आणि येताना दीड-दोनच लागली तर गाडी ठीक आहे. चार माणसं बसवून न्या, एसी चालू ठेवा. शोरूम नाही म्हणालं तर दुसऱ्या शोरूमला जा, पंचवीस लाख देणारं गिऱ्हाईक आहे, तावडे हॉटेलवरनं परत पाठवायला काय वडापाव घेताय?

कुठली गाडी म्हणाल तर तुमच्या पुण्यासाठी ४५ युनिटच्या वरची बॅटरी बघा. क्रेटा इलेक्ट्रिक ५१.४, कर्व्ह ५५, विंडसर प्रो ५२.९, बीई ६ ची ५९, हॅरियर ईव्हीची ६५, एवढ्यात तुमचं बजेट फिरतं. एसयूव्हीची सवय आहे म्हणून नुसती उंच गाडी बघू नका, खाली बॅटरी असते, स्पीड ब्रेकरला तळ घासतो का ते चौघं बसवूनच कळतं. आणि डिकी उघडून स्टेपनी आहे का बघा. काही ईव्हींत नसतेच, पंक्चर किट देतात. टायर साइडनं फाटला तर ती किट घेऊन गगनबावड्याच्या करूळ घाटात रात्री काय करायचं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

शिरोळचा_ऊसकरी

मास्तर, हंगामात रात्री ऊसाच्या ट्रॉलीला मागं लाइट नसते, ते पण सांगा. रिजेन फुल्लवर ठेवून चालव भावा, पाय उचलला की गाडी धरतीया, मला दोनदा वाचवलंय भाच्याच्या गाडीनं.

आठवी_गल्ली

मंडळी, लई आभार. चार दिवसांनी लिहितोय कारण चार दिवस हेच चाललंय.

टेप लावली. जिन्याखालनं भिंतीनं, बोअरच्या पंपाला वळसा घालून माझ्या कोपऱ्यापर्यंत ३८ मीटर भरलं. बायको टेपचं दुसरं टोक धरून उभी होती, म्हणाली गाडी घेतोय का प्लॉट. अर्थिंग बघायला वायरमन आणला, ११ व्होल्ट दाखवतोय. २००४ ची बिल्डिंग, आम्ही बारा जण निवांत झोपलेलो. आता गंमत अशी की हे कमिटीच्या ग्रुपवर टाकल्यावर गाडीला नको म्हणणारे सेक्रेटरीच सगळ्यात जास्त घाबरले, लिफ्ट पण त्याच अर्थिंगवर आहे म्हणे. नवीन खड्डा सोसायटीच्या खर्चानं मारायचा ठरलाय. माझ्या पॉइंटचं अजून नाही म्हणत नाहीत, हो पण म्हणत नाहीत.

पन्हाळ्याला एक शोरूम तयार झालं, रविवारी सकाळी सातला. मिसळ खाऊन निघायचं की येऊन खायची एवढंच ठरायचंय.

फिटरदादा, ३८ मीटरला सहा एमएमची चालेल का?

उद्यमनगरचा_फिटर

न्हाय. ३२ अँपिअरला ३८ मीटरमध्ये सहा एमएमवर सात-साडेसात व्होल्ट पडतात, दहा एमएम घ्या, साडेचारवर येतंय. तांब्याचीच. बिल घ्या दुकानातनं, आणि ब्रेकर मीटरपाशी एक, गाडीपाशी एक. पंपाच्या पाइपला चिकटवून केबल न्यायची न्हाय.

आणि मिसळ येऊन खा. पोट भरून पन्हाळा चढला तर मास्तरांचं गणित चुकतंय.